मोरपंखी लायोसेल कुर्ता : ११ धुण्यांनंतरचा रिव्ह्यू

कपड्याचा रिव्ह्यू पार्सल फोडल्या दिवशी लिहू नये. त्या दिवशी सगळेच कपडे गुणी असतात. सॉफ्टनर पाजून, स्टेंटर नावाच्या वाळवायच्या मशीनवर ताणून, इस्त्री करून पाठवलेले असतात; बोलणार काय बिचारे. म्हणून मी ११ वेळा धुऊन, वाळवून, दोनदा उलटा करून बघून मग लिहायला बसलेय.

आधी सांगते, मी इचलकरंजीची. इथल्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे मागावरचं कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये १९ वर्षं काढली. ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड आलं की त्याचं डिसाइझिंग (खळ काढणं), स्कावरिंग (तेल-मळ काढणं), ब्लीच नीट झालंय का बघायचं, शेड जुळवायची, धुऊन-घासून-फाडून आकडे लिहायचे आणि खाली सही करायची, एवढंच काम. त्यामुळे मला कापड दिसलं की आधी रंग दिसत नाही, रंगाच्या आधी त्याला काय-काय पाजलंय ते दिसतं. घरचे वैतागतात. लग्नात शालू बघायला सांगावं आणि मी पदराच्या आतून दोरा ओढून बघावा, असं दोनदा झालंय.

तर हा कुर्ता. दिवाळीच्या आधी पुतणीने फोनवर निवडून दिला. गडद मोरपंखी, प्लेन, करवंटीची बटणं, किंमत २,१९० रुपये. ब्रँडचं नाव लिहीत नाही, भांडण माझं एकटीचं आहे. मी म्हटलं, एवढे पैसे रेयॉनला? तर म्हणाली, "आत्या, हे रेयॉन नाहीये गं, लायोसेल आहे. प्रीमियम असतं ते." त्याच आठवड्यात गावातल्या दुकानातून मी रोजच्या वापराला एक रेयॉनचा छापील कुर्ताही घेतला होता, ४५० रुपयांचा, काळ्यावर लाल-पांढरी बुट्टी. दोघांची तुलना करायचं काही ठरवलं नव्हतं. एकाच बादलीत पडायला लागले आणि आपोआप झाली.

पुतणीचं चूक नव्हतं. लायोसेल आणि रेयॉन दोन्ही लाकडाच्या लगद्यातून काढलेले धागे, पण काढायच्या तऱ्हा वेगळ्या. रेयॉन म्हणजे व्हिस्कोज ही जुनी वाट: इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी १८९२ साली तिचं पेटंट घेतलं. लगदा १८ टक्क्यांच्या आसपास कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, पिळायचा, मुरवायचा, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया देऊन पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवायचा आणि तो मधासारखा चिकट रस बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या टाकीत सोडायचा. तिथे तो परत सेल्युलोज होऊन धाग्याच्या रूपात गोठतो. आपल्याकडे ग्रासिम कंपनीने मध्य प्रदेशातल्या नागद्याला १९५४ साली हे सुरू केलं आणि फिलामेंट, म्हणजे अखंड लांब धाग्याचं, रेयॉन म्हटलं की कल्याणजवळच्या शहाडचं सेंच्युरी रेयॉन आलंच. लायोसेलची वाट आखूड आहे. एनएमएमओ नावाच्या द्रावकात लगदा थेट विरघळतो, पाण्यात सोडला की धागा होतो आणि ९९ टक्क्यांहून जास्त द्रावक परत मिळवून पुन्हा वापरतात. विषारी वायू नाही, गंधक नाही. कोर्टाल्ड्सने अमेरिकेत अलाबामातल्या मोबाइल या गावी १९९२ साली व्यापारी उत्पादन सुरू केलं ते टेन्सेल; आज ते नाव ऑस्ट्रियाच्या लेन्झिंगकडे आहे.

एवढं सगळं कुर्त्याच्या पानावर छान चित्रं काढून लिहिलेलं होतं. झाड, पान, पाण्याचा थेंब. धागा कसा जन्मला याचं अख्खं बारसं. पण कापड विणल्यानंतर आणि रंगवायच्या आधी त्याला काय केलं, याबद्दल अवाक्षर नाही. ते कोणीच लिहीत नाही म्हणा. आणि माझा कुर्ता तिथेच बिघडला.

पहिल्या दिवशी मी आतल्या शिवणीतून दोघांचाही एकेक दोरा काढला. कोरडा दोरा दोन्ही हातांनी ओढला तर दोन्ही बऱ्यापैकी दम देतात, लायोसेल जास्त. मग जिभेवर ओला केला. रेयॉनचा दोरा ओल्या जागी पटकन सुटला, काही जोरच लागला नाही. लायोसेलचा ओलाही तसाच ताठ. हे पुस्तकात आहे तसंच: व्हिस्कोज ओलं झालं की ताकद जवळजवळ निम्म्यावर येते, लायोसेल साधारण ८५ टक्के राखतं. घरी करून बघा, जीभ आणि दोन बोटं, बाकी काही लागत नाही. दुकानदार तोंडाकडे बघेल, बघू दे.

फॉल उत्तम होता, हे कबूल. अंगावर घातला की पाण्यासारखा खाली येतो, पोटावर चिकटत नाही, उन्हात गार लागतो. शिलाई बरी, शिवणीला पुरेसं कापड सोडलेलं. आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाकला तर तो सात-आठ सेकंद मोत्यासारखा बसून राहिला. म्हणजे सिलिकॉन सॉफ्टनर सढळ हाताने. मला तेव्हाच जरा वाटलं, एवढं कशावर पांघरूण घातलंय?

पहिल्या धुण्यात रेयॉनने आपली जात दाखवली. ४६ इंच लांबी होती, वाळल्यावर ४३॥. अडीच इंच गेले. लायोसेल ४५ वरून ४४॥. इथे रेयॉनची फार चूक नाही. ओलं व्हिस्कोज रबरासारखं ताणलं जातं. प्रोसेसमध्ये जिगर या रंगवायच्या मशीनवर, स्टेंटरवर त्याला ओढत-ओढत नेतात, तसंच ताणलेलं वाळवतात, आणि मीटरावर विकतात. ताणलेलं कापड जास्त मीटर भरतं, समजलं ना? मग आपल्या घरच्या पहिल्या पाण्यात ते सुटकेचा श्वास टाकतं आणि मूळ मापावर येतं. तो अडीच इंचांचा पैसा आपण दिलेला असतो. ४५० च्या कुर्त्यात मी हे धरूनच एक साइज मोठा घेतला होता.

चौथ्या धुण्यानंतर मोरपंखीच्या कोपरावर जरासं पांढरट दिसलं. मला वाटलं साबण राहिला. परत पाण्यातून काढला. सहाव्या धुण्यानंतर बसायच्या जागी, बाहीच्या कडेला, खिशाच्या तोंडाशी, जिथे जिथे घासतं तिथे तिथे रंगावर दव पडल्यासारखं झालं. रंग उडाला नव्हता, बादलीतलं पाणी स्वच्छ होतं. लॅबमधून आणलेली पिक ग्लास अजून माझ्याकडे आहे, ज्याने आपण एका इंचात ताणे-बाणे मोजतो ती. ती ठेवून बघितलं. प्रत्येक धाग्याच्या अंगावर पांढरी, कापसाच्या बोंडावर असते त्याहून बारीक लव. बोट फिरवलं की झोपते, उलटं फिरवलं की उठते.

याला फिब्रिलेशन म्हणतात आणि लायोसेलचं ते जन्मजात आहे. या तंतूत सेल्युलोजच्या साखळ्या लांबीच्या दिशेने अगदी शिस्तीत बसलेल्या असतात, म्हणून तर ताकद एवढी. पण शेजारच्या साखळीशी आडवं धरून ठेवणारं बंधन त्या मानाने कमी. उसाची चिपाडं आठवा: उभं ताणलं तर तुटत नाही, पण आडवं चोळलं की सोलपटं निघतात. लायोसेल ओलं झालं की फुगतं, आणि फुगलेलं असताना घासलं की अंगाची सोलपटं सुटतात, मूळ तंतूच्या कितीतरी पट बारीक. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि गडद रंग पांढुरका दिसतो. फिक्या क्रीम कुर्त्यावर हे वर्षभर कुणाला कळलं नसतं. मोरपंखीवर, नेव्हीवर, काळ्यावर सहा धुणी पुरतात.

कस्टमर केअरला फोटो पाठवले. उत्तर आलं की मॅम, ही या फॅब्रिकची नैसर्गिक खासियत आहे, प्लीज केअर लेबल फॉलो करा. मी विचारलं, धागा क्रॉसलिंक केलेला (साखळ्या आडव्या जोडलेला) आहे की साधा? रंगवायच्या आधी किंवा नंतर एन्झाइम दिलं होतं का? त्यावर हात जोडल्याची खूण आली. पंधरा दिवस उलटून गेल्याने परतावा नाही.

नैसर्गिक खासियत हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की, ही खासियत आवरायचे उपाय लायोसेल बाजारात आलं तेव्हापासून माहीत आहेत. एक उपाय धाग्याच्या कारखान्यातच होतो: तंतू एकदाही वाळायच्या आधी, अजून ओला-फुगलेला असताना, त्याच्या साखळ्यांमध्ये आडव्या कड्या टाकणारं रसायन द्यायचं. मग सोलपटं निघत नाहीत. असा धागा महाग असतो. दुसरा उपाय प्रोसेस हाउसमध्ये होतो आणि तो ऐकायला उलटा वाटतो: कापड मुद्दाम मशीनमध्ये ओलं आपटून सगळी लव बाहेर काढायची, मग सेल्युलेज एन्झाइमने ती खाऊन टाकायची, मग रंगवायचं. त्यानंतर जी थोडी आखूड लव परत येते ती पीचच्या सालीसारखी मऊ लागते, विद्रूप दिसत नाही. यात वेळ जातो, मशीन अडकून पडतं, एन्झाइमचा खर्च होतो आणि कापडाचं वजन तीन-चार टक्के कमी होतं. जिथे वाचवता येतं तिथे वाचवायचा मोह कुणाला होत नाही?

माझ्या कुर्त्यात वाचवलं होतं, हे मी छातीठोक सांगू शकते, आणि त्याचा पुरावा पाठीवर होता. मानेखालून कमरेपर्यंत एक केसाएवढी पांढरी रेघ. तिथे शिवण नाही, इस्त्रीची घडी नाही, माझी बादली अशी एकच सरळ उभी रेघ मारत नाही. सॉफ्ट फ्लो या रंगवायच्या मशीनमध्ये कापड दोरखंडासारखं गुंडाळून फिरतं. लायोसेल पाण्यात ताठ होतं, घडी पडली की ती मोडत नाही, आणि त्याच घडीवर तासभर घासलं जातं. बाथमध्ये, म्हणजे त्या मशीनच्या पाण्यात, घडी सैल ठेवणारं वंगण पुरेसं टाकलं नाही की अशी रेघ उमटते. सॉफ्टनरच्या थराखाली ती नवेपणी दिसली नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा.

आता थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी हे सगळं दुसऱ्याची चूक म्हणून शहाणपणाने सांगतेय, तर माझी स्वतःची सही असलेला एक लॉट मला अजून आठवतो.

पावसाळा होता. ७० टक्के सुती, ३० टक्के व्हिस्कोज असं शर्टिंग आलं होतं, आणि पार्टीला मर्सराइझ करून हवं होतं, झळाळी हवी म्हणून. सुती कापडाला मर्सराइझ करणं हा रोजचा खेळ: ५० डिग्री ट्वॅडल, म्हणजे साधारण २२ टक्के कॉस्टिक, ताणून धरायचं, धुवायचं. सूत फुगतं, गोल होतं, चमकतं, रंग जास्त पितं. व्हिस्कोजला मात्र हीच गोष्ट जिवावर बेतते. गंमत अशी की २२ टक्क्यांच्या जोरदार कॉस्टिकमध्ये ते जेवढं फुगत नाही तेवढं ८ ते १० टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये फुगतं. इतकं की कडेने विरघळायला लागतं. सुतात सेल्युलोजच्या साखळ्या लांबलचक, हजारो कड्यांच्या. व्हिस्कोजमध्ये तीनेकशे कड्यांच्या तुकड्या, त्याही विस्कळीत. धरून ठेवणार कोण? म्हणजे धोका टाकीत नाही, धोका धुण्यात. २२ वरून शून्यावर येताना १० चं स्टेशन लागतंच. गाडी तिथे कमीत कमी थांबावी, आणि पाणी कडकडीत गरम असावं, कारण कॉस्टिकमध्ये सेल्युलोज थंडीत जास्त फुगतं, गरम पाण्यात कमी.

हे मला माहीत होतं. लॅबमध्ये मी ट्रायल घेतली तेव्हा धुण्याचं पाणी ८५ अंशांचं होतं. रिझल्ट छान. रेसिपीवर लिहिलं: गरम धुणे. खाली सही.

त्या रात्री बॉयलरला टाकायचा बगॅस ओला होता. उसाचं चिपाड पावसात भिजलं की पेटत नाही, वाफेचं प्रेशर पडतं. रात्रपाळीच्या मास्तरने वाफ स्टेंटरसाठी राखली आणि मर्सराइझरचं धुणं कोमट-गार पाण्यात चालू ठेवलं. त्याचंही चूक म्हणवत नाही, मशीन थांबवलं असतं तर सकाळी त्यालाच बोलणी. पाळी संपेपर्यंत १,८०० मीटर निघून गेलं होतं. सकाळी मी आले तेव्हा ताग्याचा वास नेहमीचा, रंग नेहमीचा, फक्त हाताला पापड. भाजलेला नव्हे, वाळत घातलेला, अर्धवट वाळलेला पापड असतो तसा कडक-लवचीक. फुगलेला व्हिस्कोज शेजारच्या धाग्यांना चिकटून वाळला होता. फाडायच्या मशीनवर पट्टी लावली तर पेंडुलम जवळजवळ अडलाच नाही, म्हणजे कापडात दमच उरला नव्हता.

शेठ काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. लॉट फेंटच्या, म्हणजे तुकड्या-चिंध्यांच्या भावात गेला.

मग मी दुपारी दोन बीकर घेतले. त्याच ग्रे कापडाच्या दोन पट्ट्या कापल्या, दोन्ही एक मिनिट एकाच कॉस्टिकमध्ये बुडवल्या. एक उकळत्या पाण्याखाली धुतली, दुसरी नळाखाली. नळाखालची पट्टी बोटांत बुळबुळीत झाली, भेंडी चिरताना होते तशी. सुकल्यावर दोन्ही वहीत स्टेपल केल्या. वही अजून घरी आहे. गरम पट्टी आजही रुमालासारखी पडते. गार पट्टी उभी धरली की उभीच राहते, आणि कडेला टाचणी लावली तिथून तडकलीये. दोन्ही एकाच थानाच्या, एकाच रेसिपीच्या, फरक फक्त शेवटच्या पाण्याचा. नंतर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घेऊनही करून बघितलं. ते जास्त सबुरीने फुगवतं, हात मऊ राहतो. भाव सांगितल्यावर शेठ पहिल्यांदा हसले.

म्हणून लेबलवर १०० टक्के अमुक लिहिलेलं वाचून मला काही वाटत नाही. तीच गोष्ट "बांबू"ची. बांबूचा लगदा करून त्याच कॉस्टिक आणि कार्बन डायसल्फाइडच्या वाटेने काढलेलं ते व्हिस्कोजच असतं बहुतेक वेळा. बांबू मोजे वास मारत नाहीत म्हणे. धुतले तर माझे सुतीही मारत नाहीत.

परत कुर्त्याकडे. मी काय केलं ते सांगते, पण हे घरी करू नका. सगळी बटणं कापून काढली, कारण करवंटीवरचं पॉलिश आम्लात गेलं असतं. कुर्ता कोरडा वजन केला: २३८ ग्रॅम. जुन्या लॅबमधल्या मैत्रिणीकडे गेले, चहाच्या नावाखाली. सॅम्पल मशीनच्या ड्रममध्ये पाणी ५५ अंश, ॲसिटिक ॲसिडने पीएच पाचच्या जरा खाली, त्यात सेल्युलेज, आणि पाऊण तास गरगर. मग ८० अंशांवर सोडा ॲश टाकून एन्झाइम मारलं. हे मारणं विसरायचं नाही. नाहीतर लव खाऊन झाल्यावर ते कापडच खात बसतं, त्याला कुठे कळतं कुठे थांबायचं. ड्रमचं पाणी गाळून घेतलं तर गाळणीवर मोरपंखी पिठी. कुर्ता वाळल्यावर वजन २३१.

आणि रंग आला परत. कोपरावरचा, खिशावरचा, बसायच्या जागेचा. मैत्रीण म्हणाली, "अगं, हा नवाच दिसतोय की." पाठीवरची रेघ गेली नाही, फिकी झाली. ती घडी तंतूच्या अंगात शिरलीये, तिला एन्झाइम काही करू शकत नाही. त्यानंतर अजून पाच धुणी झाली (एकूण ११ यात धरलेली). आता जी लव आहे ती हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. जे काम दोन हजारांच्या कुर्त्याला विकायच्या आधी व्हायला हवं होतं ते मी नंतर केलं, आणि ते जमलं, एवढ्यावरून समजा की धागा चांगलाच होता.

रेयॉनच्या कुर्त्याबद्दल थोडं, कारण तो बिचारा कोपऱ्यात राहिला. आमच्याकडे ज्याला चौदा किलो रेयॉन म्हणतात ते कापड; शंभर मीटरला चौदा किलो. दाट नाही, पण पारदर्शकही नाही. छपाईचा काळा आतपर्यंत उतरलाय, उलट्या बाजूने बुट्टी जवळजवळ तेवढीच ठसठशीत. माझा अंदाज, छापायच्या आधी याला पातळ कॉस्टिकमधून नीट काढलंय. व्हिस्कोजच्या तंतूला बाहेरून एक घट्ट कातडी असते, रंग तिथे अडतो. चार-पाच टक्के कॉस्टिक ती सैल करतं आणि तोच रंग जास्त गडद येतो. हेच कॉस्टिक जरा जास्त किंवा जरा ताणून दिलं तर पापड. ४५० रुपयांच्या कुर्त्यामागच्या कुणा मास्तरने ते नेमकं दिलंय, त्याला माझा नमस्कार. नवा असताना भिजवल्यावर सुक्या बोंबलासारखा वास आला होता, तो रेझिन फिनिशचा. दोन धुण्यांत गेला. पावसाळ्यात वाळायला मात्र वेळ लागतो, सुतापेक्षा जवळजवळ दुप्पट पाणी धरून बसतो. पिळू नका, ओला असताना दोरीवर खांद्याने टांगू नका, खांदे लांबतील. आडवा टाका.

लायोसेल घ्यायचंच असेल तर फिका रंग घ्या, उलटा करून धुवा, मशीन अर्धंच भरा, जीन्ससोबत तर मुळीच नको. आणि विक्रेत्याला विचारा, बायोपॉलिश, म्हणजे एन्झाइमने लव काढायचं काम, केलंय का? उत्तर येणार नाही कदाचित, पण दहा जणींनी विचारलं तर अकराव्या वेळी कुणीतरी प्रोसेस हाउसला फोन करेल.

मोरपंखी कुर्ता: धाग्याला साडेचार, प्रोसेसला दीड, कस्टमर केअरच्या जोडलेल्या हातांना शून्य. एकूण माझ्या लेखी पाचपैकी अडीच. साइज नेहमीचाच घ्या, मापात खरा आहे.

रेयॉन कुर्ता: चार. एक साइज मोठा.

परवा पुतणीने मोरपंखी मागितला, फोटोत छान येतो म्हणून. दिला नाही. करवंटीचं एक बटण त्या लॅबमध्येच कुठेतरी राहिलंय, सध्या त्या जागी काळ्या कुर्त्याचं जादाचं बटण लावलंय.